दर्यावर्दी राष्ट्राची कुलूपबंद दारे

इसवी सन १४९९ हे वर्ष पोर्तुगालच्या इतिहासात मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. त्या वर्षी वास्को द गामाच्या ताफ्यातील उरलीसुरली जहाजे कालिकतच्या सफरीवरून लिस्बनला परतली आणि राजा पहिला मानुएल याने आपल्या बिरुदावलीत इथिओपिया, अरबस्तान, इराण व भारत येथील विजयाचा, नौकानयनाचा आणि व्यापाराचा स्वामी अशी भर घातली. याच राजाने याच वर्षी, जहाजे परतण्याच्या काही महिने आधी, एप्रिलमध्ये काढलेला एक हुकूम मात्र फारसा कोणी सांगत नाही. दोनच वर्षांपूर्वी ज्यांना बळजबरीने बाप्तिस्मा देण्यात आला होता त्या ज्यूंनी, म्हणजे दरबारी भाषेतील ‘नवख्रिस्ती’ प्रजेने, राजाच्या परवानगीवाचून राज्य सोडू नये, असा तो हुकूम होता. त्यांच्या हुंड्या घेण्यावर आणि त्यांची स्थावर मालमत्ता विकत घेण्यावरही निर्बंध आले. जमीन विकून पैसा परमुलखात धाडता आला तर माणूसही मागोमाग जाणार, एवढा हिशेब दरबाराला कळत होता.

समाजमाध्यमांवर पोर्तुगालचा विषय निघाला की एक ठरीव कथा पुढे येते. देश लहान, समुद्र अफाट, माणसे धाडसी. सागर त्यांच्या रक्तातच, म्हणून ती ब्राझीलपासून मकावपर्यंत पसरली. ही कथा पोर्तुगालच्या राज्यकर्त्यांनी स्वतःसाठी रचली आणि साम्राज्याचे पोवाडे गाणाऱ्यांनी ती जगभर नेली. गोव्यातल्या पोर्तुगीज सत्तेवर कठोर टीका करणारे आपल्याकडचे लेखकही ही कथा जशीच्या तशी उचलतात, हे त्यातले आश्चर्य. कायद्यांची आणि सरकारी दफ्तरांची साक्ष काढली तर चित्र उलटे दिसते. जवळजवळ पाच शतके पोर्तुगालच्या सत्तेने आपल्या सामान्य प्रजेला स्वेच्छेने देश सोडू दिला नाही. नको असलेल्यांना तिने हाकलले, हव्या असलेल्यांना डांबले, आणि जे तिला चुकवून निसटले त्यांच्या पैशावर ती पोसली. देशांतराची म्हणून जी सरकारी दफ्तरे आज अभ्यासली जातात, ती या दरवानाने ठेवलेली वही आहे.

नवख्रिस्त्यांचा प्रसंग पुढे कसा वळला ते थोडक्यात पाहण्यासारखे आहे. १५०६ च्या एप्रिलमध्ये लिस्बनच्या जमावाने शेकडो नवख्रिस्त्यांची कत्तल केली. हादरलेल्या राजाने पुढच्याच वर्षी त्यांना जाण्याची मुभा दिली. १५३२ मध्ये तिसऱ्या जुआँवने ती पुन्हा काढून घेतली आणि १५३६ मध्ये पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन आले. दार उघडणे आणि लावणे हे सर्वस्वी राजाच्या मर्जीवर होते. १५३४ मध्ये गार्सिया द ऑर्ता हा वैद्य गोव्याच्या वाटेला लागला तो मार्तिं आफोंसु द सौझा या सरदाराच्या पदरी राहून. तोही नवख्रिस्ती घराण्यातलाच. भारतीय औषधींवरचा त्याचा संवादग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्याच्या मृत्यूनंतर त्याची बहीण १५६९ मध्ये गोव्यात जिवंत जाळली गेली, आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडे उकरून काढून अग्नीत टाकण्यात आली. साम्राज्याच्या सीमांत राहून केलेले प्रयाण म्हणजे सुटका नव्हे, हे त्या कुटुंबाइतके कोणाला कळले असेल?

ज्यांना राज्याला बाहेर काढायचे होते त्यांच्यासाठी दार सताड उघडे असे. १६०३ च्या फिलिपी संहितेचा पाचवा भाग चाळला तर लहानमोठ्या अनेक गुन्ह्यांना ब्राझील किंवा आफ्रिका येथे हद्दपारीची शिक्षा सांगितलेली दिसते. अशा हद्दपारांनी वसाहतींतील गढ्या आणि गलबते भरली. गोव्याकडे ‘राजाच्या अनाथ मुली’ धाडल्या जात. तिथल्या सैनिकांशी आणि अधिकाऱ्यांशी त्यांची लग्ने लावून दिली जात आणि आंदण म्हणून कित्येकदा एखादे सरकारी पद मिळे. या मुलींना सागर रक्तात असल्याचे कोणी विचारले नव्हते.

या धोरणाचे खरे रूप अठराव्या शतकातील दोन हुकमांत दिसते आणि तिथे जरा थांबले पाहिजे. १६९० च्या दशकात ब्राझीलच्या मिनास जेराइस प्रदेशात सोने सापडले. पोर्तुगालच्या उत्तरेकडील मिन्यू प्रांतात जमिनीचे तुकडे इतके बारीक झाले होते की एका घरातील चौघा भावांचे पोट त्यावर भरणे शक्य नव्हते. तिथली माणसे झुंडीने जहाजावर चढू लागली. १७०९ आणि १७११ च्या हुकमांनी ती थांबली नाहीत, म्हणून २० मार्च १७२० रोजी पाचव्या जुआँवने अधिक कडक कायदा काढला. मिन्यू हा एके काळचा सर्वांत दाट वस्तीचा प्रांत, आता तिथे शेत कसायला आणि चाकरीला माणूस उरला नाही, अशी तक्रार त्या कायद्यात नोंदलेली आहे. सरकारी पदावर नेमलेल्यांना आणि मोजक्या अपवादांना वगळून इतरांना ब्राझीलची वाट बंद झाली.

तक्रार कोणाची होती, ते कायद्याच्या शब्दांतच आहे. मजूर दुर्मीळ झाला की मजुरी वाढते, आणि मजुरी वाढली की जमीनदाराला झोप येत नाही. राजाला झोप येत नव्हती ती जमीनदाराच्या वतीने.

आता सत्तावीस वर्षे पुढे. १७४७ मध्ये, त्याच पाचव्या जुआँवच्या नावाने, आसोरेस बेटांवरच्या लोकांना त्याच ब्राझीलला जाण्याचे आमंत्रण निघाले. प्रवास सरकारी खर्चाने. पोहोचल्यावर जमीन, अवजारे, बियाणे आणि बंदूक. अट इतकीच की पुरुष चाळिशीच्या आतला असावा आणि स्त्री तिशीच्या आतली. १७४८ ते १७५६ या काळात सुमारे सहा हजार बेटवासी सांता कातारिनाच्या किनाऱ्यावर उतरवले गेले. त्यांतील काही पुढे दक्षिणेला सरकले. आजच्या पोर्तु आलेग्रे शहराचे जुने नाव ‘दांपत्यांचे बंदर’ असे होते ते यांच्यामुळेच. दक्षिणेत स्पेनशी सीमेचा तंटा चालू होता आणि दावा टिकवायला तिथे नांगर धरणारी, मुले जन्माला घालणारी पोर्तुगीज कुटुंबे हवी होती. मिन्यूचा शेतकरी स्वतःच्या मनाने ब्राझीलला निघाला तर गुन्हेगार, आणि आसोरेसचा शेतकरी राजाच्या मनाने तिथेच निघाला तर वसाहतकार. समुद्र तोच, जहाजही बहुधा तसलेच.

१८२२ मध्ये ब्राझील स्वतंत्र झाला आणि कालपर्यंत साम्राज्यांतर्गत असलेला प्रवास अधिकृत अर्थाने परदेशगमन झाला. १८३५ मध्ये पोर्तुगालची जिल्ह्यांत विभागणी होऊन प्रत्येक जिल्ह्याला मुलकी राज्यपाल मिळाला आणि पारपत्रे देणे हे त्याच्या कचेरीचे काम ठरले. पोर्तु, ब्रागा, आवैरु, विझेउ अशा जिल्ह्यांच्या अभिलेखागारांत आज ज्या पारपत्र-नोंदवह्या आहेत, त्यांचा उगम इथला. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मोह पडावा अशाच त्या वह्या आहेत. नाव, वय, गाव, धंदा, विवाहित की अविवाहित, कोठे जाणार. मग उंची, चेहरा, केस, भुवया, डोळे, नाक, तोंड, वर्ण, अंगावरची खूण. शेवटी सही, किंवा सही करता येत नाही असा शेरा. छायाचित्राच्या आधीच्या काळातील शेतमजुराचे नाक सरळ होते की बसके, हे जगातील फार थोडी दफ्तरे सांगतील.

पण ते नाक लिहून का घेतले? माणूस हरवला तर शोधता यावा म्हणून खासच नव्हे. लष्करभरती चुकवणारा, कर बुडवणारा किंवा दुसऱ्याच्या कागदावर निघालेला ओळखता यावा म्हणून. नोंदवहीतील प्रत्येक रकाना एका संशयाचे उत्तर आहे. नवऱ्याबरोबर निघालेली बायको आणि मुले बहुधा त्याच्याच पारपत्रावर ‘सोबत’ म्हणून येत. एकटी निघालेली विवाहिता नवऱ्याच्या संमतीचा कागद दाखवी. या संमतीची अट सुटायला १९६९ साल उजाडले. मागे राहिलेल्या बायका तर या वह्यांत कोठेच नाहीत. उत्तर पोर्तुगालच्या बोलीत त्यांना ‘जिवंतांच्या विधवा’ म्हणत.

लष्करभरतीच्या अटीने जे केले ते सगळ्यांत वाईट. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला भरतीचे नवे कायदे आले आणि चौदा वर्षांपुढच्या मुलाला पारपत्र हवे असेल तर तो भरतीच्या वेळी परतेल याचा जामीन भरणे बापावर बंधनकारक झाले. रक्कम गरिबाच्या आवाक्याबाहेरची. मिन्यूच्या गावांनी यावर साधा तोडगा काढला: मुलगा चौदाचा होण्याआधीच त्याला धाडायचा. बारा-तेरा वर्षांची पोरे एकटी अटलांटिक ओलांडून रिओ द जानेरोच्या दुकानांत नोकरीला लागली, दिवसभर गल्ल्यापाशी उभी राहिली आणि रात्री दुकानातच झोपली. सैनिक राखण्यासाठी केलेल्या कायद्याने देशाबाहेर धाडली ती मुले. पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या उद्यमशीलतेच्या कथांत हे दुकानातले पोर ‘लहानपणीच नशीब काढायला निघालेला धाडसी मुलगा’ म्हणून येते!

ज्यांना कागद मिळत नसे ते सीमा ओलांडून स्पेनच्या गालिसियात शिरत आणि विगो बंदरातून जहाज गाठत. ब्राझीलच्या किनाऱ्यावर त्यांची गणती ‘आलेले’ म्हणून होई. पोर्तुगालच्या वहीत ते ‘गेलेले’ नसत. दोन देशांच्या आकड्यांतील ही तफावत हिशेबाची चूक नाही. ती त्या चुकवून गेलेल्या माणसांची मापे आहेत. म्हणून पोर्तुगीज सरकारी आकडा हाती घेऊन ‘इतकेच गेले’ असे लिहिणारा लेखक नकळत दरवानाचीच बाजू घेतो.

१८५० मध्ये ब्राझीलने आफ्रिकी गुलामांची आयात कायद्याने थांबवली आणि मळेवाल्यांची नजर करारबद्ध गोऱ्या मजुरांकडे वळली. लिस्बनच्या वृत्तपत्रांत आणि संसदेत एकच ओरड सुरू झाली: ही तर ‘गोरी गुलामगिरी’! प्रवासखर्चाच्या कर्जात अडकलेल्या आसोरेसच्या मजुरांचे हाल खरे होते, त्यात शंका नाही. १८५५ च्या कायद्याने जहाजावरील प्रवाशांच्या वाहतुकीवर नियम घातले, तेही आवश्यकच होते. पण ही कळकळ कोणाच्या तोंडी होती? पोर्तुगालच्याच मकावमधून चिनी मजूर करारात बांधून क्यूबाच्या उसाच्या मळ्यांकडे लादून नेले जात होते, आणि तो व्यापार थांबायला १८७४ उजाडावे लागले. त्या काळी हवानामध्ये पोर्तुगालचा वाणिज्यदूत होता कादंबरीकार एसा द कैरोश. मकावहून आलेल्या त्या चिन्यांची दैना त्याने आपल्या सरकारला कळवली आणि देशांतरावर एक विस्तृत अहवालही लिहिला. तो अहवाल त्याच्या मृत्यूनंतर कित्येक दशकांनी छापला गेला.

आणि आता पैशाची गोष्ट. कोकणच्या वाचकाला मनीऑर्डरवर चालणारे गाव म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर पोर्तुगाल असाच ब्राझीलच्या पैशावर चालत होता, आणि केवळ गावेच नव्हेत. देशाच्या आयात-निर्यातीतील खड्डाही याच पैशाने बुजवला जाई. संसदेने १८७३ मध्ये देशांतराची चौकशी आरंभली, वक्त्यांनी राष्ट्राच्या रक्तस्रावाबद्दल अश्रू ढाळले, आणि तिजोरी त्याच रक्तस्रावाच्या उत्पन्नावर विसंबून राहिली. १८८९ मध्ये ब्राझीलची राजसत्ता कोसळली, तिथल्या चलनाची घसरण झाली, पैशाचा ओघ आटला. इतर कारणांबरोबर याचाही धक्का बसून १८९२ मध्ये पोर्तुगालचे सरकार दिवाळखोर झाले. ज्यांना पारपत्र नाकारण्यात कारकुनांच्या पिढ्या गेल्या, ती माणसे या सरकारचे सावकार होती.

परत आलेल्या श्रीमंतांना गावकरी थट्टेने ‘ब्राझीलवाले’ म्हणत. दारात पामवृक्ष लावलेले त्यांचे रंगीत वाडे आजही मिन्यूत उभे आहेत. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध काउंट फेरैरा १८६६ मध्ये वारला तेव्हा त्याने पोर्तुगालमध्ये १२० प्राथमिक शाळा बांधण्यासाठी पैसा ठेवला. हा पैसा ज्या धंद्यांतून आला त्यांत आफ्रिकी गुलामांचा व्यापारही होता, हे झाकून त्याचे गुणगान करणे म्हणजे तीच जुनी कथा पुन्हा सांगणे होय. तरीही प्रश्न उरतोच: शाळा बांधणे हे काम परतलेल्या एका व्यापाऱ्याच्या मृत्युपत्रावर का सोडले गेले होते? या प्रश्नाचे क्रूर उत्तर १९२९ मध्ये मिळाले. त्या वर्षीच्या हुकमाने निरक्षर प्रौढांना देशांतर करण्याची बंदी झाली. ज्या देशातील निम्म्याहून अधिक लोकांना सरकारने अक्षर शिकवले नव्हते, त्या देशाने अक्षर येत नाही या सबबीवर त्यांची वाट अडवली.

‘देशांतरित’ हा शब्दही निष्पाप नाही. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या पोर्तुगीज कायद्यांत देशांतरित कोण, हे ठरवण्याचा मुख्य निकष जहाजाच्या तिकिटाचा वर्ग हा होता. तिसऱ्या वर्गाने निघालेला तो देशांतरित; त्याला वेगळे पारपत्र, वेगळी तपासणी, वेगळे शुल्क. पहिल्या वर्गाने त्याच जहाजातून त्याच बंदराला निघालेला तो प्रवासी. १९१२ मध्ये कायदेशीर देशांतरितांची संख्या ८८ हजारांच्या वर गेली, तोवरचा उच्चांक. आकडा ऐकताना तो कोणत्या मजल्यावरच्या लोकांचा आहे, हे ध्यानी ठेवलेले बरे. (मादेइरा बेटावरून १८७९ मध्ये ‘रेव्हन्सक्रॅग’ जहाजाने हवाईच्या ऊसमळ्यांवर गेलेल्या मजुरांत तिघे सुतारकाम जाणणारे होते, त्यांच्या बेटावरच्या छोट्या तंतुवाद्यातून युकुलेले जन्मले. जग त्या वाद्याला हवाईचे म्हणून ओळखते.)

सालाझारच्या राजवटीने या परंपरेला शास्त्रशुद्ध रूप दिले. १९३३ च्या संविधानात राज्याच्या कर्तव्यांमध्ये देशांतरितांचे रक्षण करणे आणि देशांतराला शिस्त लावणे ही दोन्ही एका दमात लिहिली आहेत. प्रत्यक्षात शिस्तच लागली. १९४४ च्या हुकमाने औद्योगिक कामगार आणि शेतमजूर यांना साधे पारपत्र देण्यास मनाई केली; म्हणजे ज्यांना देश सोडण्याची गरज होती नेमक्या त्यांनाच. १९४७ मध्ये देशांतर काही काळ स्थगित करून मग ‘देशांतर मंडळ’ स्थापन झाले आणि ते गृहखात्याच्या हाताखाली गेले. कोणत्या भागातून किती माणसे सोडायची ते आता वरून ठरू लागले. दक्षिणेतील मोठ्या जमीनदारांना स्वस्त मजूर हवा होता आणि उद्योगांना कमी पगाराचा कामगार. १७२० च्या कायद्यातील तक्रार नव्या टंकलेखन यंत्रावर पुन्हा लिहिली जात होती, एवढेच. ‘सागरापलीकडील प्रांत’ म्हणून गौरवलेल्या अंगोलात जायलाही दीर्घकाळ तिथून कोणीतरी बोलावल्याचे पत्र लागे. अखंड राष्ट्राच्या एका प्रांतातून दुसऱ्यात जायला बोलावणे कशाला, हा प्रश्न त्या राजवटीत विचारायचा नव्हता.

१९६१ मध्ये अंगोलात युद्ध पेटले. त्याच वर्षी चोरून देश सोडणे हा तुरुंगवासाचा गुन्हा ठरला. डिसेंबरात गोव्यात राज्यपाल व्हासालु इ सिल्व्हा याने शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा सालाझारचा आदेश मोडून शरणागती पत्करली आणि हजारो पोर्तुगीज सैनिकांचे प्राण वाचवले; सालाझारने त्याला ते कधी माफ केले नाही. या राजवटीच्या लेखी खेड्यातल्या तरुणाचे मोल काय होते, ते तेवढ्यावरून कळावे. खेड्यांना ते आधीच कळले होते. तरुण निघाले.

या जाण्याला पोर्तुगीज भाषेत ‘आ साल्तु’ म्हणतात, म्हणजे उडी घेऊन. वाटाड्याला पैसे द्यायचे, रात्री डोंगरातून स्पेनची सीमा ओलांडायची, मग मालमोटारीत दडून किंवा पायी पिरेनीजपर्यंत, आणि तो पर्वत पार करून फ्रान्स. वाटाडा फसवणार नाही याची हमी काय? गावांनी त्यासाठी एक रीत शोधली. निघणाऱ्याचे छायाचित्र मधोमध फाडायचे. अर्धे घरच्यांकडे, अर्धे त्याच्या खिशात. फ्रान्सला सुखरूप पोहोचला की तो आपला अर्धा तुकडा टपालाने घरी पाठवी. दोन्ही तुकडे जुळले की घरचे वाटाड्याची उरलेली रक्कम चुकती करीत. शिक्का नाही, सही नाही, जिल्हा कचेरी नाही. देशांतराच्या साऱ्या दफ्तरांत जाणाऱ्याच्या जिवाची काळजी वाहणारे दफ्तर कोणते, असे विचारले तर हे फाटके छायाचित्रच दाखवावे लागेल. सरकारी कागदांत हा माणूस येतो तो सीमेवर सापडला तरच, आणि तो कागद गुप्त पोलिसांचा असतो.

आकडे बोलके आहेत. १९७० मध्ये पोर्तुगालच्या वहीत कायदेशीर देशांतरित सुमारे ६६ हजार. त्याच वर्षी वहीबाहेर गेलेले एक लाखाहून अधिक, आणि ते कळले कसे? फ्रान्सने त्यांना कामाला लावून नंतर त्यांचे कागद नियमित केले म्हणून. फ्रेंच जनगणनेत १९६२ मध्ये पोर्तुगीज सुमारे ५० हजार होते, १९७५ मध्ये साडेसात लाखांच्या वर. खुद्द पोर्तुगालची लोकसंख्या १९६० च्या ८८ लाख ८९ हजारांवरून दहा वर्षांत ८६ लाखांच्या घरात घसरली. पॅरिसजवळच्या शांपिन्यीच्या झोपडपट्टीत चिखलात राहणाऱ्या हजारो पोर्तुगिजांना सागराचे वेड नव्हते. ते बांधकामावर विटा वाहत होते.

सरकारला हे ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. १९६३ च्या अखेरीस फ्रान्सशी आणि १९६४ मध्ये पश्चिम जर्मनीशी मजुरांचे करार झाले. १० सप्टेंबर १९६४ रोजी कोलोन-डॉइट्स स्थानकावर आर्मांदु रॉद्रिगिश द सा या सुताराचे दहा लाखावा पाहुणा-कामगार म्हणून स्वागत झाले आणि त्याला दुचाकी भेट मिळाली. ते छायाचित्र जगभर छापले गेले. एकीकडे असे समारंभ, दुसरीकडे सीमेवर अटकसत्र, आणि दोन्हींच्या मागून घरी येणारे फ्रँक आणि मार्क मोजणारी तिजोरी. १९६९ मध्ये चोरून जाण्याचा गुन्हा दंडावर आला, तेव्हा कायदा मवाळ झाला असे नव्हे. गावे रिकामी झाली होती.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. दलाल आणि जहाजमालक गरिबांना लुबाडत होतेच; नियमन नसते तर अधिक माणसे मेली असती. शिवाय या वह्या नसत्या तर आज एकाही मजुराचे नाव उरले नसते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु दलालाचा धंदा वाढला तो पारपत्र मिळणे दुरापास्त होते म्हणून. सरळ वाट महाग आणि अवघड केली की आडवाटेचा वाटाडा श्रीमंत होतो, आणि मग त्याच्यापासून रक्षण करण्याच्या नावाखाली सरळ वाट आणखी अवघड केली जाते. नोंदवह्यांबद्दल कृतज्ञ जरूर असावे. पण वहीतील शेतमजूर तिथे आला तो कारकुनापुढे टोपी काढून उभा राहून, हे विसरून तिचा उपयोग करणारा इतिहासकार कारकुनाच्याच खुर्चीत बसतो.

१९७४ च्या क्रांतीनंतर आलेल्या १९७६ च्या संविधानाच्या ४४ व्या अनुच्छेदाने देशांतर करण्याचा आणि परत येण्याचा हक्क सर्वांना दिला. १४९९ पासून मोजले तर ४७७ वर्षे.

या कथेचा एक धागा गोव्यात अजून जिवंत आहे आणि त्यावरून मराठी समाजमाध्यमांवर नेमाने चिखलफेक होते. १९६२ च्या आदेशाने गोवा, दमण आणि दीव येथील लोक भारतीय नागरिक झाले. पोर्तुगालच्या कायद्याने मात्र २० डिसेंबर १९६१ पूर्वी तिथे जन्मलेल्यांचा नागरिकत्वाचा दावा मान्य ठेवला आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांनाही, जुनी जन्मनोंद लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कचेरीत उतरवून घेतल्यास, तो मार्ग खुला राहिला. १९८६ मध्ये पोर्तुगाल युरोपीय समुदायात गेल्यावर हा कागद युरोपातील रोजगाराचा परवाना ठरला. इंग्लंडच्या स्विंडनमध्ये गोवेकरांची वस्ती उभी राहिली ती त्यामुळेच. भारतीय कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही, तेव्हा हा निर्णय घेणाऱ्याला मोठी किंमत मोजावी लागते आणि त्याबाबत कायद्याचे प्रश्नही आहेत. पण त्यांना सालाझारचे वारस म्हणणे हे अज्ञान आहे. सालाझारने आपल्या शेतमजुरांनाच पारपत्र दिले नव्हते. स्विंडनच्या गोदामात रात्रपाळी करणारा सासष्टीचा माणूस कोणाचा वारस शोधायचाच असेल तर तो त्या शेतमजुरांचा.

आणि ‘इतके गोवेकर देश सोडून गेले’ म्हणून जे आकडे फिरवले जातात, तेही पारखून घ्यावेत. लिस्बनमध्ये जन्मनोंद उतरवणे म्हणजे प्रयाण नव्हे. कित्येकांनी ती केली आणि ते आजही म्हापशाला किंवा मडगावलाच राहतात. कोणी ती मुलांसाठी केली, कोणी नुसती हाताशी असावी म्हणून. त्यांतील कोण खरोखर विमानात बसले, ते जन्मनोंदीच्या वहीत लिहिलेले नसते. त्यासाठी ब्रिटनचे आणि पोर्तुगालचे वेगळे दफ्तर पाहावे लागते.